कावळा, फांदी आणि डायनासोरचं हाड

भेळ खाऊन झाली की पुडीचा कागद टाकण्याआधी वाचून बघायची मला खोड आहे. कधी अर्धी बातमी असते, कधी कुणाच्या गाइडातला निम्मा प्रश्न, कधी चिंचेच्या चटणीनं पुसलेल्या दोनच ओळी. कागदावर फक्त ‘तो म्हणाला, बरं’ एवढंच असेल तर तो कुठल्या पुस्तकातला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण त्याच चिटोऱ्यावर एखाद्या आडगावाचं नाव आणि शेजारी त्या दिवशीच्या पावसाचा आकडा असेल, तर जुने अंक चाळून तारखेपर्यंत पोचता येतं. तुकडा किती लांब आहे आणि त्यातले शब्द किती दुर्मीळ आहेत, यावर सगळं अवलंबून.

रक्तात, लाळेत किंवा हाडाच्या भुग्यात कुठली प्रथिनं आहेत हे संगणकाच्या मदतीनं शोधतात तेव्हा जवळपास हेच चाललेलं असतं. फरक एवढाच की संगणकाला चिटोऱ्यावरची अक्षरं दिसत नाहीत. त्याला फक्त चिटोऱ्याचं वजन सांगितलेलं असतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. माळ शंभर मण्यांची असेल, हजाराची असेल किंवा त्याहूनही लांब. थोड्या मण्यांचा तुकडा असेल तर त्याला पेप्टाइड म्हणायचं. पूर्ण माळ यंत्रात घालून ओळखणं जिकिरीचं असतं, म्हणून आधी तिचे तुकडे करतात. त्यासाठी ट्रिप्सिन नावाचं पाचक विकर (एन्झाइम) वापरतात. आपल्या आतड्यातही ते रोज हेच काम करतं. त्याची शिस्त मोठी: लायसीन किंवा आर्जिनीन हा मणी आला की त्याच्या पुढे कापायचं, एरवी हात लावायचा नाही. मणी कसे ओवले आहेत हे माहीत असेल तर तुकडे कुठे पडणार हे आधीच सांगता येतं. पुढचं सगळं गणित या शिस्तीवर उभं आहे.

मग तुकड्यांचं वजन. ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हा त्यासाठीचा तराजू. तुकड्यावर विद्युतभार चढवायचा, तो निर्वात पोकळीत सोडायचा आणि विद्युतक्षेत्रात तो कसा वागतो यावरून त्याचं वस्तुमान काढायचं. प्रथिनासारखे नाजूक, मोठे रेणू न मोडता असे हवेत उडवायचे कसे, याची उत्तरं शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. वजनाचं एकक डाल्टन. हायड्रोजनचा एक अणू साधारण एक डाल्टनचा.

एक खरं उदाहरण घेऊ. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी भागात घराघरात माहीत आहे. हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या माळा असतात. त्यांतल्या बीटा माळेत १४६ मणी. सहाव्या जागी एरवी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन येतं. १४६ मण्यांतला एक बदलला, एवढंच. हे पहिल्यांदा दाखवलं केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी, १९५६-५७ साली. त्यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिननं कापलं, तुकडे ओल्या कागदावर एका दिशेनं विजेनं आणि दुसऱ्या दिशेनं द्रावकानं पसरवले, आणि कागदावर सुमारे तीस ठिपके उठले. निरोगी आणि आजारी माणसाच्या कागदांची तुलना केली तर एकच ठिपका जागचा हलला होता.

आज तोच तुकडा यंत्रात घातला तर काय दिसतं? माळेचं टोक ते पहिला लायसीन, असा आठ मण्यांचा तुकडा पडतो: व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल आणि लायसीन. एक भार चढलेल्या या तुकड्याचं वजन भरतं ९५२.५ डाल्टन. सिकलसेलच्या तुकड्याचं भरतं ९२२.५. बरोबर तीसचा फरक. ग्लुटामिक आम्लाचा मणी १२९चा, व्हॅलीनचा ९९चा.

आता समजा आपल्याला क्रम ठाऊकच नाही. तर हा तुकडा यंत्रातच वायूच्या रेणूंवर आपटवून आणखी फोडायचा. एकाच तुकड्याच्या असंख्य प्रती तिथे असतात आणि प्रत्येक प्रत वेगळ्या सांध्यावर तुटते. त्यामुळे शेपटीकडून पाहिलं तर एक मणी, दोन मणी, तीन मणी अशा सगळ्या लांबीचे तुकडे मिळतात, आणि त्यांच्या वजनांची शिडी तयार होते. निरोगी हिमोग्लोबिनची शिडी अशी: १४७.१, २७६.२, ४०५.२, ५०२.३. लागोपाठच्या पायऱ्यांमधला फरक म्हणजे मधल्या मण्याचं वजन. १४७ ते २७६, फरक १२९: ग्लुटामिक आम्ल. २७६ ते ४०५, पुन्हा १२९. ४०५ ते ५०२, फरक ९७: प्रोलीन. सिकलसेलच्या शिडीत तिसरी पायरी ४०५ऐवजी ३७५वर येते, कारण मधला मणी ९९चा. वही-पेन्सिल घेऊन शाळकरी मुलालाही जमेल अशी वजाबाकी आहे ही. (आपल्याकडे सिकलसेलची तपासणी इतक्या महागड्या यंत्रानं होत नाही, रक्त द्रावणात कितपत विरघळतं याची चाचणी आणि इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेनं प्रथिनं वेगळी करायची पद्धत, एवढं पुरतं. मी हे उदाहरण घेतलं ते आकडे स्वच्छ आहेत म्हणून.)

मग संगणक कशाला? एक म्हणजे, प्रत्यक्षातली शिडी अशी सरळ नसते. काही पायऱ्या गायब असतात, मधेच भलतेच आकडे उगवतात, डोक्याकडून तुटलेल्या तुकड्यांची दुसरी शिडी त्यातच मिसळलेली असते. दुसरं म्हणजे, काही मण्यांची वजनं मुद्दाम छळायला ठरवल्यासारखी आहेत. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वजन तंतोतंत सारखं, ११३.०८. दोन ग्लायसीन मिळून ११४.०४ आणि एकटं अॅस्परॅजीनही ११४.०४. तिसरं आणि मुख्य कारण संख्येचं. एका नमुन्यातून एका दुपारी अशा हजारो शिड्या बाहेर पडतात. त्या हातानं सोडवायला बसलं तर जन्म पुरणार नाही.

हे ओझं संगणकावर टाकायची कल्पना मात्र वाटते तेवढी नवी नाही. इन्सुलिनच्या ५१ मण्यांचा क्रम लावायला फ्रेडरिक सँगर यांना दहाएक वर्षं लागली होती, आणि त्याबद्दल १९५८चं नोबेल मिळालं. तुकडे जुळवून मूळ माळ उभी करायचं हे काम यंत्र करू शकेल, असं मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषीला वाटलं. रॉबर्ट लेडली यांच्याबरोबर त्यांनी १९६२ साली खोलीभर पसरलेल्या आयबीएम ७०९० या संगणकासाठी तसा प्रोग्रॅम लिहिला. तोवर प्रत्येक अमिनो आम्ल तीन अक्षरांत लिहायची पद्धत होती. त्या काळी संगणकाला माहिती छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून द्यावी लागे, म्हणजे अक्षर वाढलं की जागा वाढली. डेहॉफबाईंनी वीस मण्यांना रोमन लिपीतलं एकेकच अक्षर देऊन टाकलं. आज जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा तीच अक्षरं वापरतात. कार्डं केव्हाच गेली. १९६५ साली त्यांनी तोवर माहीत असलेल्या प्रथिनांचे क्रम एकत्र छापले. ते ६५ भरले. आज अशा नोंदी वीस कोटींच्या वर आहेत. बाईंचं नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी भेटलं नाही.

हा प्रचंड साठा हाताशी आल्यावर मूळ प्रश्नच पालटला. शिडी वाचून क्रम काढायची गरज उरली नाही. शिडी साठ्यातल्या कुठल्या तुकड्याशी जुळते एवढं बघितलं की झालं. वाचन संपलं, ओळख सुरू झाली. १९९४ साली जिमी एंग, अॅशली मॅकॉर्मॅक आणि जॉन येट्स यांनी ‘सीक्वेस्ट’ या प्रोग्रॅमची पद्धत मांडली. तिचा गाभा असा: साठ्यातल्या प्रत्येक प्रथिनावर संगणकातच कात्री चालवायची, पडलेल्या प्रत्येक तुकड्याचं वजन काढायचं, आपल्या तुकड्याच्या वजनाच्या आसपासचे उमेदवार निवडायचे, प्रत्येकाची शिडी कागदावर कशी दिसायला हवी ते मांडायचं, आणि खऱ्या शिडीशी ताडून गुण द्यायचे. ज्याला सर्वाधिक गुण, तो विजेता. पुढे अशी कितीतरी सॉफ्टवेअर आली. गुण द्यायची रीत प्रत्येकाची वेगळी, सांगाडा हाच.

आणि या सांगाड्यातच एक खोट आहे. विजेता नेहमीच मिळतो.

शिडी कुठल्याही कचऱ्याची असो, धुळीची असो, यंत्राच्या खरखरीची असो. उमेदवारांच्या यादीत कुणीतरी पहिला येणारच. वासरांत लंगडी गाय शहाणी. त्या गायीला किती गुण पडले हे संगणक सांगेल, पण तेवढे गुण नशिबानं पडू शकतात का, हे गुणांच्या आकड्यातून कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. फांदी तुटलेली आपल्याला दिसते, कावळाही दिसतो. त्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, हे त्या दृश्यात कुठेच लिहिलेलं नसतं. प्रथिनं ओळखणाऱ्या सगळ्या गणितातला अवघड भाग जुळणी शोधणं हा नाहीच. जुळणी योगायोगाची आहे का, हे ठरवणं हा आहे. आणि त्याचा धडा या क्षेत्रानं चारचौघांत, चांगला वाजतगाजत घेतला, तो एका डायनासोरच्या पायी.

अमेरिकेतल्या माँटाना राज्यात टायरॅनोसॉरस रेक्सचा एक जीवाश्म सापडला होता, ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या मांडीच्या हाडात मऊ, लवचीक असं काहीतरी शिल्लक असल्याचं जीवाश्मतज्ज्ञ मेरी श्वाइत्झर यांनी २००५ साली जाहीर केलं. जीवाश्म म्हणजे दगड, असं शिकलेल्या जगाला हा धक्का होता. त्यानंतर २००७च्या एप्रिलमध्ये श्वाइत्झर आणि बोस्टनचे मास स्पेक्ट्रोमेट्रीतले जाणकार जॉन असारा यांचे शोधनिबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात आले: त्या हाडातून कोलॅजेन या हाडांतल्या मुख्य प्रथिनाची सात पेप्टाइडं ओळखता आली आहेत, आणि ती सर्वांत जास्त जुळतात कोंबडीशी. पक्षी हे डायनासोरचे वंशज, हे सांगाड्यांवरून आधीच मानलं जात होतं. आता रेणूच साक्षीला उभे राहिले. बातमी जगभर गेली. टी. रेक्स म्हणजे मोठी कोंबडी, अशा थाटाचे मथळे झाले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधले पावेल पेव्झनर हे गणिताच्या अंगानं जीवशास्त्र करणारे. त्यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली त्याच साप्ताहिकात आक्षेप नोंदवला. त्यांचा दृष्टांत असा: एक माकड टाइपरायटर बडवतंय आणि एक मुलगा शेजारी बसून बघतोय. हजारो निरर्थक अक्षरं उमटतात, मधेच चुकून काही अर्थाचे शब्द पडतात. मुलगा तेवढेच शब्द उचलतो आणि जाहीर करतो की माझ्या माकडाला स्पेलिंग येतं. डायनासोरच्या हाडातून यंत्रानं ४८ हजारांहून जास्त शिड्या नोंदवल्या होत्या. ‘सात जुळल्या’ या वाक्याला ‘किती हजारांतून आणि किती उमेदवारांशी ताडून’ ही जोड नसेल तर काहीच अर्थ उरत नाही, हा पेव्झनर यांचा मुद्दा होता. लॉटरी लागलेल्या माणसाची मुलाखत छापायची आणि किती तिकिटं खपली ते सांगायचंच नाही, त्यातला प्रकार.

योगायोग किती हे मोजायचा एक मार्ग सरळ हिशेबाचा. माणसाची सुमारे वीस हजार प्रथिनं एकापुढे एक ठेवली तर साधारण एक कोटी दहा लाख मणी होतात. वीस प्रकारच्या मण्यांतून पाच मण्यांचे क्रम बनतात ३२ लाख. म्हणजे तुम्ही डोळे मिटून पाच मण्यांचा कुठलाही क्रम लिहिलात तरी तो माणसाच्या प्रथिनांत सरासरी तीन-चार ठिकाणी आपोआप सापडेल. ‘तो म्हणाला, बरं’ हे ते वाक्य. सात मणी घेतले तर क्रम होतात १२८ कोटी, आणि योगायोगानं सापडायची शक्यता शंभरात एकाच्या आसपास येते. सगळे मणी सारख्याच प्रमाणात असतात असं धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण बऱ्याच प्रयोगशाळा सातपेक्षा आखूड पेप्टाइड विचारातच का घेत नाहीत हे त्यावरून कळतं.

आख्ख्या प्रथिनाचं दुसऱ्याशी नातं शोधताना हाच विचार येतो. त्यासाठीचं ‘ब्लास्ट’ हे १९९०पासूनचं साधन प्रत्येक जुळणीपुढे एक आकडा छापतं: एवढ्या साठ्यात इतकी चांगली जुळणी निव्वळ नशिबानं किती वेळा निघाली असती? शून्याच्या जवळ असेल तर नातं मानायचं. एक-दोन असेल तर रामराम करून पुढे जायचं. विद्यार्थी जुळणीची टक्केवारी बघतात आणि हा आकडा बघत नाहीत. खरं तर उलटं करायला हवं. छोट्या तुकड्यात शंभर टक्के जुळणी म्हणजे फारसं काही नाही.

पण शिड्यांच्या बाबतीत असा स्वच्छ हिशेब जमत नाही. यंत्राची खरखर, गळालेल्या पायऱ्या, मण्यांवर चिकटलेले जादा अणू, हे सगळं सूत्रात कोंबायचं कसं? त्यात कोलॅजेन हे भलतंच गुंतागुंतीचं. त्यातला प्रत्येक तिसरा मणी ग्लायसीन, आणि प्रोलीनच्या मण्यांवर जागोजागी एक जादा ऑक्सिजन चढलेला. तसा प्रोलीन ११३.०५ भरतो. ल्युसीनच्या ११३.०८च्या इतका शेजारी, की कमी अचूकतेच्या यंत्राला दोघं एकच वाटतात. अशा चढलेल्या अणूंची मुभा संगणकाला दिली नाही तर खरे तुकडे निसटतात. दिली तर उमेदवार पटीनं वाढतात. मुभा वाढली की कावळे वाढले.

यावर निघालेला तोडगा मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी कल्पना वाटतो. पोलिसांची ओळख परेड आठवा. संशयिताबरोबर काही डमी माणसं उभी करतात, ज्यांचा गुन्ह्याशी संबंध नाही हे पोलिसांना पक्कं ठाऊक असतं. साक्षीदारानं डमीवर बोट ठेवलं की कळतं, हा ठोकून देतोय. तसंच इथे करायचं. साठ्यातलं प्रत्येक प्रथिन उलट्या क्रमानं, शेपटीकडून डोक्याकडे लिहायचं आणि ही उलटी प्रथिनं खऱ्यांच्यात मिसळून द्यायची. मणी तेच, लांबी तीच, वजनंही बहुतेक त्याच घरातली. पण असं प्रथिन निसर्गात नसतं. संगणकाला कोण खरं कोण उलटं हे सांगायचं नाही. शोध संपल्यावर मोजायचं: ठरावीक गुणांच्या वर किती उलटी प्रथिनं विजेती ठरली? ते सगळे निव्वळ योगायोग, याबद्दल शंकाच नाही. आणि खोट्या जुळणीला खरं आणि उलटं सारखंच, म्हणून खऱ्यांच्या यादीतही साधारण तेवढेच योगायोग दडलेले असणार. खऱ्या बाजूला १०,००० आणि उलट्या बाजूला १०० निघाले, तर तुमच्या दहा हजारांतल्या शंभरेक खोट्या आहेत. एक टक्का. कुठल्या शंभर ते कळत नाही, पण किती ते कळतं. कल्पना आधीपासून वापरात होती. २००७ साली हार्वर्डच्या जोशुआ एलायस आणि स्टीव्हन गिगी यांनी ती नीट तपासून मांडली आणि आज या एका टक्क्याच्या चाळणीशिवाय सहसा कुठलं नियतकालिक असा निबंध पुढे सरकू देत नाही. आपली फसवणूक मोजायला स्वतःच खोट्यांची फौज उभी करायची, यात एक वेगळाच प्रामाणिकपणा आहे.

तरीही एक खड्डा राहतो, आणि त्यात भलेभले पडतात. वरच्या उदाहरणातल्या ९,९०० खऱ्या शिड्या समजा १,५०० प्रथिनांवर जाऊन बसल्या, कारण खऱ्या प्रथिनाचे अनेक तुकडे सापडतात. शंभर खोट्या मात्र वाऱ्यावर उडालेल्या पाचोळ्यासारख्या शंभर वेगवेगळ्या प्रथिनांवर एकेकट्या पडतात. मग प्रथिनांची यादी झाली १,६०० आणि तिच्यात खोटी १००. एक टक्क्याचे सहा टक्क्यांच्या वर गेले, तेही कुणी काही लबाडी न करता. म्हणून एकाच पेप्टाइडच्या साक्षीवर उभ्या असलेल्या प्रथिनाकडे जाणकार संशयानं बघतात.

डायनासोरकडे परत येऊ. असारा यांनी सगळ्या शिड्या लोकांसाठी खुल्या केल्या, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. २००९ साली मार्शल बर्न आणि सहकाऱ्यांनी वेगळं सॉफ्टवेअर आणि वेगळी संख्याशास्त्रीय पद्धत वापरून त्या पुन्हा तपासल्या. निकाल दोन्ही बाजूंना थोडा थोडा चपराक देणारा होता. कोलॅजेनच्या जुळण्या निव्वळ योगायोग नव्हत्या. पक्ष्यासारखं कोलॅजेन त्या नमुन्यात खरोखर होतं. म्हणजे माकडाला स्पेलिंग येत होतं. पण त्याच नमुन्यात प्रयोगशाळेत नेहमी आढळणारी भेसळ होती, मातीतले जिवाणू होते, आणि पक्ष्याच्या वळणाचं हिमोग्लोबिनही होतं. कोट्यवधी वर्षांनी हिमोग्लोबिन? असारा यांच्या गटानं तुलनेसाठी आजच्या शहामृगाचं हाडही तपासलं होतं. तिथूनच काही इकडे आलं असेल का, ही शंका अनेकांच्या मनात आली.

त्याच वर्षी श्वाइत्झर यांच्या गटानं आणखी जुन्या, बदकतोंड्या डायनासोरच्या हाडातूनही कोलॅजेन मिळाल्याचं जाहीर केलं, या वेळी भेसळीची जास्त काळजी घेऊन. मग २०१७ साली मँचेस्टरचे मायकेल बकली आणि सहकाऱ्यांनी तीन शहामृगांची हाडं घेतली, त्यातलं कोलॅजेन तपासलं आणि दाखवलं की दोन्ही डायनासोरांच्या नावावर जाहीर झालेले सगळे क्रम शहामृगाच्या हाडातही सापडतात. यानं भेसळ सिद्ध होत नाही. शहामृग हा डायनासोरचाच दूरचा नातू, आणि कोलॅजेन फार सावकाश बदलतं. तुकडे सारखे असूही शकतील. पण ‘हे फक्त डायनासोरचंच’ असं म्हणायला हातात काही उरलं नाही.

हेच बकली याच कोलॅजेनच्या आधारे फार उपयोगी काम करतात, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. उत्खननात मेंढीची आणि शेळीची हाडं सापडली तर डोळ्यांनी वेगळी करणं तज्ज्ञांनाही जड जातं. पण कोलॅजेनच्या एका ठरावीक तुकड्याचं वजन मेंढीत ३,०३३च्या आसपास येतं आणि शेळीत ३,०९३च्या. चिमूटभर भुगा पुरतो. तराजू तोच आणि विकरही तेच. इथे वाद होत नाही, कारण प्रश्न बेताचा आहे आणि दोन्ही जनावरं आज तपासायला समोर उभी आहेत.

उलट्या प्रथिनांची चाळणी तुम्हाला सांगते की जुळणी योगायोगाची आहे का. तो तुकडा तुमच्या नमुन्यातला की टेबलावरून उडून आलेला, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. तो प्रश्नच तिला कुणी विचारलेला नाही. म्हणून प्रयोगशाळा संगणकाला नेहमीच्या यशस्वी घुसखोरांची यादीही देऊन ठेवतात: माणसाच्या त्वचेतलं केराटिन, मेंढीच्या लोकरीतलं केराटिन, आणि खुद्द ट्रिप्सिन, जे बहुधा डुकराचं असतं. हिवाळ्यात लोकरी स्वेटर घालून नमुना हाताळलात तर यादीत मेंढी हजेरी लावते.

गेल्या काही वर्षांत प्रथिनं आणि संगणक म्हटलं की लोकांना आठवतं ते ‘अल्फाफोल्ड’. मण्यांचा क्रम द्या, माळ अवकाशात कशी गुंडाळली जाईल तो आकार घ्या. २०२० साली त्यानं कमाल केली, २०२२पर्यंत वीस कोटींहून जास्त प्रथिनांचे आकार मोफत मांडून ठेवले आणि २०२४चं रसायनशास्त्राचं निम्मं नोबेल ते घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्याकडे गेलं. उरलेलं निम्मं नवी प्रथिनं घडवणाऱ्या डेव्हिड बेकर यांना. त्याच्या आतल्या यंत्रणेबद्दल मराठीत पुष्कळ येतंय, त्यात मी भर घालत नाही. मला रस आहे तो त्याच्या रंगांत. आकार दाखवताना ते प्रत्येक मण्यापाशी शंभरपैकी किती खात्री आहे तेही सांगतं: गडद निळा म्हणजे भरवसा ठेवा, नारिंगी म्हणजे मी काहीतरी काढलंय, तुम्ही बघा. कारण अल्फाफोल्डलाही ‘माहीत नाही’ म्हणून कोरा कागद देता येत नाही. तेही नेहमी काहीतरी काढतंच. नारिंगी भाग शेवयांसारखे लोंबत असतात, आणि पुष्कळदा त्या भागाला खरोखरच ठरावीक आकार नसतो. काढलेला आकार शक्य कोटीतला आहे का हे पडताळायला मात्र आजही जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली मद्रासमधून मांडलेला कोनांचा नकाशा वापरतात. माळेच्या सांध्यांना कुठले दोन कोन एकत्र शक्य आहेत, कुठे अणू एकमेकांवर आदळतील, हे त्यांनी अल्फाफोल्डच्या कितीतरी आधी आखून ठेवलं होतं.

आता त्या सिकलसेलच्या माळेचं काय होतं ते बघा. बीटा माळेतला सहावा मणी बदलून अल्फाफोल्डला दिला तर जवळजवळ तोच आकार परत येतो. एवढा जीवघेणा बदल, आणि चित्रात काही नाही! वाटेल की सॉफ्टवेअर चुकलं. ते चुकलेलं नसतं. सिकलसेलच्या एकेकट्या हिमोग्लोबिनचा आकार खरोखरच फारसा बदलत नाही. ऑक्सिजन सोडून दिल्यावर तो नवा व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन अडकतो, त्याला तिसरा चिकटतो, दांडे तयार होतात आणि गोल रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. आपण एका रेणूबद्दल विचारलं, आणि त्यानं एका रेणूचंच उत्तर दिलं.